शेळीबिगर न चालणारी गाडी

कडा गावाच्या अलीकडच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा कंडक्टरनं शहादेवच्या हातातल्या कांबीकडे शेवटचं बघून घेतलं. बीडपासून तो तिच्याकडेच बघत आला होता. साडेतीन फूट लांब, अंगठ्याएवढी जाड, एका टोकाला झिजून गुळगुळीत झालेली पोलादी कांब.

"काका, आता तरी सांगा, ही कशाला?"

"गाडी घ्यायला चाललोय."

"कांब दाखवून?"

"कांब लावून," शहादेव म्हणाला आणि उतरला. मागोमाग त्याची लेक यशोधरा उतरली. कंडक्टरनं घंटी मारली, पण डोकं मात्र बराच वेळ दाराबाहेरच होतं.

त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण शहादेव वाघमारे यंत्राच्या बाबतीत चेष्टा करणाऱ्यांतला नव्हता. परळीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं त्यानं टर्बाइनची सेवा केली होती. कांबीचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, डोळे मिटायचे आणि आत काय चाललंय ते सांगायचं. लोक म्हणत, टर्बाइनचा सूर केसाएवढा हलला तरी क्वार्टरमध्ये गाढ झोपलेला शहादेव कूस बदलतो. काही जण तर म्हणत, त्यानं कूस बदलली म्हणूनच सूर हलायचा. त्यातलं खरं किती, ते आता टर्बाइनच सांगू शकेल.

एक गोष्ट मात्र सोळा आणे खरी. कारण कळल्याशिवाय 'मशीन ठीक' या कागदावर त्यानं कधी सही केली नाही. बंद पडलेलं यंत्र आपोआप सुरू झालं की बाकीचे सुटकेचा श्वास टाकत. शहादेव म्हणे, "कावून बंद पडलतं ते सांगा, मग सही." साहेब चिडत, चहा पाजत, पुन्हा चिडत. सही होत नसे.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. कांब दारामागं उभी राहून राहून गंजायला आली. आणि मागच्या रविवारी यशोधरा म्हणाली, "बाबा, कांब पुसून ठेवा. मला एक गाडी घ्यायचीय. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन."

यशोधरा बीडच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. एक गाडी स्थिर अवस्थेतून निघते, चार सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर वेग घेते, तर तिचं त्वरण काढा. हे गणित तिनं अकरा वर्षं शिकवलं. फळ्यावर इतक्या गाड्या पळवल्या की पहिल्या बाकावरची पोरं खडूच्या धुरानं खोकायची. एक दिवस मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अशा गाडीत बसल्यावर नेमकं काय होतं?" यशोधरानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला ते ठाऊकच नाही. तिची स्कूटी एकदा साठला पोचली होती, तेव्हा आरसा गळून पडला होता. त्या दिवसापासून तिनं जमवायला सुरुवात केली. मैत्रिणींनी प्लॉट घेतले, फ्लॅट घेतले. यशोधरा जमवतच राहिली.

आणि मग जाहिरात दिसली. इटलीची 'मोन्तोने'. लाल, जमिनीला चिकटलेली, दोनच माणसांची, बॉनेटवर शिंगं वळवलेला मेंढा. भारतात म्हणे अशा तीनच. एक मुंबईत, एक हैदराबादेत आणि तिसरी कड्याजवळच्या वस्तीवर, तात्याबाच्या गोठ्यात.

तात्याबा त्यांना न्यायला फाट्यावर आला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दोनशे मेंढरांचा धनी.

"राम राम."

"जय भीम."

"चालत जावं लागंल बरं का. वस्तीपस्तोर सतरा स्पीडब्रेकर हायेत. रिक्षावाले येत न्हाईत."

पहिल्याच स्पीडब्रेकरपाशी शहादेव थांबला. त्याला स्पीडब्रेकर म्हणणं म्हणजे बालाघाटाला बांध म्हणण्यासारखं होतं.

"हे सुंदरराव कंत्राटदाराचं काम," तात्याबा म्हणाला. "सगळ्या जिंदगीत एकदाच त्यानं इमानदारीनं माल वापरला, अन् तिथंच अडकला. मोन्तोने त्यानंच आणलती. पयल्याच ब्रेकरवर जी बसली, जसं दगडावर कासव. चारी चाकं हवेत. मग आठ माणसं लावली अन् पालखीवानी उचलून पलीकडं ठेवली. पुढं अजून सोळा. घरी पोचली तवा आठाचे सहाच राह्यलेते, दोघं मधनंच पळून गेले."

"मग तुमच्याकडं कशी आली?"

"शेजारी हाय ना त्यो. म्हणला, तात्या, आता ही बाहेर न्यायची ताकद न्हाई माझ्यात. तुझी फाट्यावरची जमीन दे पेट्रोल पंपाला, गाडी तुझी. मला त्या बॉनेटवरच्या मेंढ्याची नजर लई आवडलती. देऊन टाकली. कागद माझ्या नावावर हायेत, बीडला जाऊन करून आलतो."

"अन् आम्ही बाहेर कशी काढायची?" यशोधरानं विचारलं.

"ते माझ्याकडं लागलं. आधी घ्या तर." तात्याबानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण एक सांगतो, ताई. चार वाजता पुण्याकडनं सोमेश्वर शेठ येणार हाय, ट्रक घेऊन. त्यो गाड्या सोडवतो."

"सोडवतो म्हणजे?"

"बकरं सोडवतेत तसं. दार एकाला, इंजन दुसऱ्याला. त्याला गाडी जिती काय न् मेली काय, सारखीच. मला तसं करू वाटत न्हाई. दोन वर्ष गोठ्यात ऱ्हायली हो ती. पण मी त्याला जबान देऊन बसलोय. चार वाजेपस्तोर तुमी तिला स्वतःच्या चाकावर गोठ्याबाहेर नेली तर तुमची. न्हाई चालली तर त्याची."

यशोधरानं घड्याळात बघितलं. दीड वाजला होता.

गोठा म्हणजे पत्र्याचं लांब शेड. एका बाजूला शेळ्या, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंज आणि मधोमध, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, ती. लाल रंगावर शेळ्यांचे पांढरे केस, आरशावर कोंबडी. तात्याबाची बायको भामाबाई टायरच्या भोवतीनं झाडत होती. तिनं पाहुण्यांना पाणी दिलं, कांबीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा झाडायला लागली.

"बघा," तात्याबानं मोन्तोनेच्या पाठीवर थाप मारली. "खुर रुंद, कंबर बारीक, पाठ सपाट. एकदा बी आजारी न्हाई पडली."

कमरेच्या करदोड्याला बांधलेली किल्ली त्यानं सोडली. नेहमीसारखीच दातांची पोलादी किल्ली. दार उघडलं. यशोधरा आत बसली. मग ब्रेकवर पाय ठेवून तिनं लाल बटन दाबलं.

काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. कोंबडीनं जांभई दिली.

"अशी न्हाई व्हायची," तात्याबा शांतपणे म्हणाला. "अगं, बांडीला सोड की."

भामाबाईनं एका शेळीचं दावं सोडलं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, लांब कानांची बांडी गळ्यातली घंटा वाजवत सरळ गाडीपाशी आली, खिडकीतून मान आत घातली आणि यशोधराची ओढणी चघळायला लागली.

"हां. आता दाबा."

यशोधरानं दाबलं. शेडचे पत्रे हादरले. कडब्याच्या गंजीवरच्या चार पेंढ्या आपोआप सुटल्या. आरशावरची कोंबडी जी उडाली ती सरळ आष्टीच्या दिशेनं, आणि वस्तीवरचे लोक सांगतात की ती अजून परतायची आहे. बांडी तेवढी ओढणी चघळत होती.

"शेळीबिगर चालत न्हाई ही," तात्याबा आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "गाईला पान्हा सोडायला वासरू लागतं का न्हाई? हिला बांडी लागती. रोज धारेच्या टायमाला चालू करतो. बांडी जवळ असली की एका बोटात. नसली की ठार."

शहादेव पुढे झाला. त्यानं कांब इंजिनावर टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावायच्या ऐवजी दातांत धरलं. कान आता पूर्वीचे राहिले नव्हते, हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दात मात्र अस्सल होते.

"आमी जनावराचे दात बघतो," तात्याबा यशोधराला म्हणाला. "तुमच्या वडलानं तर उलटंच चालवलंय."

शहादेवनं डोळे मिटले. आत बारा सिलिंडर होते. चांगल्या गायन पार्टीत कोरसवाले जसे एकमेकांच्या तोंडाकडे न बघता बरोबर समेवर येतात, तसे बाराच्या बारा येत होते. कुणाचा ठेका चुकत नव्हता, कुणी खोकत नव्हतं. नऊ वर्षांनी त्याच्या हाडांत पुन्हा काहीतरी वाजत होतं. त्यानं कांब काढली तेव्हा डोळे ओले होते आणि तोंडात गंजाची चव होती.

"इंजिन सोनं हाय," तो म्हणाला.

"मग हो?"

"न्हाई. शेळी कावून लागते ते कळल्याबिगर सही न्हाई."

"बाबा, इथं सही कुठं आहे?"

"तू माझ्या तोंडाकडं बघून घेणार, म्हणजे सहीच की."

यशोधरानं पर्समधून वही काढली. बापाला ती ओळखून होती.

पहिला अंदाज असा, की दारातली एखादी वायर सैल असावी आणि शेळी मान टेकवते तेव्हा ती जुळत असावी. बांडीला बाजूला नेलं, शहादेवनं स्वतः खिडकीत मान घातली. गाडी गप्प. बांडीच्या वजनाचं पेंडीचं पोतं दारावर रेललं. गप्प. मग तात्याबानं दुसरी शेळी आणली.

"ही तिची नणंद हाय," तो म्हणाला. "हिच्याकडनं व्हायचं न्हाई, पण बघा."

नणंदेनं स्टिअरिंगचा कोपरा खाल्ला. गाडी गप्प. बांडी परत आणली, गाडी गरजली. बांडीचं तोंड पूर्वेला केलं, चालू. पश्चिमेला, चालू. शेपटीकडनं आत घातली, तेव्हा मात्र नाही. तिला गूळ देऊन खूश केली, भामाबाईच्या नकळत एक चापट मारून नाराज केली. दोन्ही वेळा चालू.

"निरीक्षण पक्कं आहे, बाबा," यशोधरानं वही मिटली. "बांडीची मान आत, गाडी चालू. मान बाहेर, गाडी बंद. अकरा रीडिंग, एकही चुकलं नाही. माझ्या पोरांच्या प्रयोगवहीत इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं."

"अन् कारण?"

"कारण नाही."

साडेतीनलाच सतराव्या स्पीडब्रेकरवरून ट्रकचा खडखडाट ऐकू आला. सोमेश्वर शेठ वेळेच्या आधी आला होता. पांढरे बूट, अत्तराचा वास, हातात साखळी. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि पाहुण्यांकडे दयेनं बघितलं.

"काका, शेळीवर चालणारी गाडी घेऊन काय करणार? पेट्रोल पंपावर चारा मागणार का? द्या सोडून. मी हिचे सतरा गिऱ्हाईक ठरवून आलोय. सीटसुद्धा एका सलूनवाल्यानं बुक केलीय."

 शहादेव यशोधराकडे बघत होता. तिचा हात बॉनेटवरच्या मेंढ्यावर होता, आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. लहानपणी परळीच्या बाजारात खेळण्याच्या दुकानासमोर ती अशीच उभी राहायची. मागायची नाही, नुसती उभी राहायची.

कारण कळत नव्हतं. घड्याळ कळत होतं. शहादेवनं घसा साफ केला.

"घे," तो म्हणाला. "शेळीसकट घे."

"बाबा?"

"घे म्हणलं ना." चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं अशी सही केली होती. ती गिळताना त्याला कांब गिळल्यासारखं वाटलं.

तात्याबा खुलला. किंमत ठरायला फार वेळ लागला नाही, मोबाइलवर पैसे गेले, विक्रीच्या कागदांवर अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरांत सह्या झाल्या. बांडी गाडीसोबत आली. एवढं सगळं होईपर्यंत कोपऱ्यात गप्प उभी असलेली भामाबाई आता पुढे आली.

"जनावर न्या," ती म्हणाली. "पट्टा ऱ्हाऊ द्या."

"हां, ते खरंच," तात्याबा म्हणाला. "पाव्हणं, आमच्यात जनावर इकतेत, दावं-पट्टा इकत न्हाईत. त्यो गेला की गोठ्याची बरकत गेली. घेणाऱ्यानं आपलं दावं आपण आणायचं असतंय."

भामाबाईनं बांडीच्या गळ्यातला घंटा लावलेला चामड्याचा पट्टा सोडला, पुसला आणि घरात नेऊन खुंटीला अडकवला. शहादेवनं खिशातला निळा रुमाल काढून बांडीच्या गळ्यात बांधला. मग यशोधरा स्टिअरिंगवर, शेजारी शहादेव, मांडीवर बांडी, दोन गुडघ्यांमध्ये कांब. सगळे नीट बसले. यशोधरानं बटन दाबलं.

गाडी गप्प.

पुन्हा दाबलं. बांडीची मान आत होती. मानच काय, अख्खी बांडी आत होती. शेपटीसुद्धा आत होती.

सोमेश्वर शेठनं साखळीची गाठ सोडली. "चारला सहा मिनिटं आहेत," तो म्हणाला. "मी घाई करत नाही."

"बांडीला जायचं न्हाई," तात्याबाचा आवाज बसला. "मुकं जनावर, सांगणार कसं. पैसे माघारी देतो, ताई."

यशोधरानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. शहादेवच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरत चाललं होतं. ते बघून तात्याबाला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला.

"बंद पडली," शहादेव म्हणाला, अगदी पेढा खाल्ल्यासारखा. "आता सापडतं. चालू मशीन काही सांगत न्हाई, बंद पडलेलं बोलतं. यशा, मशीन बंद पडलं की पयला सवाल काय?"

"शेवटचं काय बदललं," यशोधरा म्हणाली. हा सवाल तिनं जेवणाच्या ताटावर बसून हजार वेळा ऐकला होता.

"गाडी तीच. शेळी तीच. बटन दाबणारी तीच. माझा रुमाल आला अन् ..."

दोघंही एकदम घराच्या दाराकडे वळली.

शहादेव बांडीला खाली ठेवून उतरला आणि भामाबाईसमोर जाऊन उभा राहिला. "ताई, त्यो पट्टा जरा आणता का?"

"पट्टा देणार न्हाई म्हणलं ना."

"देऊ नका. तुमच्याच हातात धरा, नुसतं गाडीपस्तोर या."

भामाबाईनं खुंटीवरून पट्टा काढला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि कुणी हिसकावेल या भीतीनं कोपरं बाहेर काढून खिडकीपाशी आली. बांडी तोवर दहा हातांवर पेंडीच्या पोत्यात तोंड घालून उभी होती.

"वाका जरा आत, ताई," शहादेव म्हणाला. "दाब गं, यशा."

पत्रे हादरले. सोमेश्वर शेठच्या हातातून साखळी सुटली आणि पांढऱ्या बुटावर पडली.

यशोधरानं गाडी बंद केली. मग शहादेवनं हळूच विचारलं, "ताई, ह्या पट्ट्यात काय हाय?"

"ह्याच्यात? ह्याच्यात गाडीचं हाय."

"गाडीचं काय?"

"मला काय ठावं. सुंदरराव भावजी देऊन गेलते डबीत घालून. हे मेंढरं घेऊन रानात गेलते तवा. म्हणले, वैनी, हे गाडीचं हाय, कायम गाडीजवळ ऱ्हाऊ द्या, लांब नेऊ नका. काळं, गुळगुळीत, खारकेएवढं. वर मेंढा. मी म्हणलं, घरात ठेवलं तर लांबच पडतंय. बांडी तर सारा दिवस गाडीच्या अंगाला अंग लावून बसती. म्हणून तिच्या पट्ट्यात शिवून टाकलं."

यशोधरानं कपाळावर हात मारून घेतला. "किल्ली आहे ती. जवळ असली की गाडी तिला ओळखते. तात्याबांकडची नुसती दार उघडायची आहे."

तात्याबानं आपली पोलादी किल्ली वर धरली, मग पट्ट्यातल्या फुगवट्याला बोट लावून बघितलं. "हिला दात कुठं हायेत? बिनदाताची किल्ली असती व्हय?" मग तो बायकोकडे वळला. "अन् दोन वर्ष तू मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?" भामाबाई म्हणाली. "तुमी आपलं ज्याला त्याला बांडीचं कौतुक सांगत बसायलेते. मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

पट्टा धरलेल्या भामाबाईला खिडकीशी चालवत यशोधरानं गाडी गोठ्याबाहेर आणून उभी केली. सोमेश्वर शेठनं बूट चोळत साखळी गोळा केली. चारला एक मिनिट कमी होतं. भामाबाईनं त्याला चहा देते म्हणून थांबवलं आणि तो खरंच थांबला, कारण सतरा स्पीडब्रेकर परत पार करायला अंगात काहीतरी असणं भाग होतं.

पट्टा घरचा आणि आतलं गाडीचं, हे सगळ्यांना पटलं. भामाबाईनं दाभणानं टाके उसवले आणि बिनदाताची किल्ली यशोधराच्या तळहातावर ठेवली. पण पट्टा ती बांडीच्या गळ्यात बांधेना.

"रिकामा कसा बांधू? आत काहीतरी पायजे."

शहादेवनं खिशात हात घातला. त्याच्या जवळ परळीचा पितळी बिल्ला होता, नंबर चारशे सतरा. निवृत्तीच्या दिवशी तो गेटवर जमा करायचा असतो. शहादेवनं 'हरवला' असं लिहून देऊन खाली सही केली होती. म्हणजे त्याची एक सही खोटी होतीच, पण तिचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बिल्ला भामाबाईच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट बघितला, दातानं चावून बघितला आणि शिवून टाकला. बांडी पट्ट्यासकट तात्याबाकडेच राहणार असं ठरलं. शहादेवनं आपला निळा रुमाल सोडून घेतला.

"आता सही," तो लेकीला म्हणाला. "आता खरी."

राहिले सतरा स्पीडब्रेकर. तात्याबा हसला. "गाड्यांचा रस्ता तुमाला. मेंढरांना कुठं ब्रेकर असतेत?" गोठ्यामागून थेट हायवेला एक वाट जात होती. त्याच्या पणजोबापासून मेंढरं तिच्यावरून जात होती आणि लाखो खुरांनी ती अशी गुळगुळीत केली होती की पाण्याचा थेंब ठेवला तर हायवेपर्यंत घरंगळत जाईल. मेंढरांना सवय पुढे चालायची. म्हणून पुढे दोनशे मेंढरं, त्यांच्या मागं काठी घेऊन तात्याबा आणि त्याच्या मागं बारा सिलिंडरची मोन्तोने, जिच्या वेगाच्या तबकडीवर तीनशे वीसपर्यंत आकडे होते. काटा शून्यावरून उठलाच नाही. एक लंगडं कोकरू अर्ध्या वाटेत मागं पडलं आणि त्यानं मोन्तोनेला ओव्हरटेक केलं.

हायवे आला. तात्याबानं मेंढरं बाजूला घेतली, गाडीच्या पाठीवर शेवटची थाप मारली आणि तोंड फिरवून घोंगडीनं नाक पुसलं. "धुरळा गेला," तो म्हणाला. धुरळा कुठंही नव्हता.

रस्ता मोकळा होता. यशोधरानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"बाबा, घड्याळ बघा. स्थिर अवस्थेतून."

"बघतोय."

मग जे झालं ते शहादेवला पुढे कुणालाच नीट सांगता आलं नाही. शंभरचा आकडा आला तेव्हा बाकीचा शहादेव गाडीत होता, पोट मात्र अजून तात्याबाजवळ मेंढरांत उभं होतं आणि पळत पळत मागून येत होतं. त्याची टोपी मागच्या काचेला चिकटली. यशोधरा हसत होती. अकरा वर्षं दाबून ठेवलेलं हसू एकदम सुटल्यासारखी, आवाज न करता.

"किती?"

"तीन पूर्णांक नऊ," तो म्हणाला, श्वास आल्यावर.

"त्या मुलीला काय सांगू, बाबा?"

"सांग, उत्तर फळ्यावर मावत न्हाई."

पुढे एक एसटी होती. सकाळचीच, नगरहून परतणारी. मोन्तोने शेजारून जाताना शहादेवनं कांब खिडकीतून जराशी वर धरली. दारात उभा असलेला कंडक्टर तिकिटांचं मशीन हातात घेऊन तसाच थिजला. म्हणतात, पुढच्या दोन थांब्यांवर त्यानं घंटीच मारली नाही.

आष्टी मागं पडली तेव्हा शहादेवचा फोन वाजला. तात्याबा होता.

"पाव्हणं, सगळं ठीक? एक इचारायचं व्हतं. बांडी काही दिसंना हो."

शहादेवच्या कानामागं काहीतरी गरम श्वास घेत होतं. तो सावकाश वळला. सीटच्या मागच्या वीतभर जागेत, दोन वर्षांच्या सवयीप्रमाणे गाडीच्या अंगाला अंग लावून बांडी बसली होती. गळ्यात पट्टा, पट्ट्यात नंबर चारशे सतरा. तोंडात यशोधराची वही होती, अकराच्या अकरा रीडिंगसकट.

"हाय," शहादेव फोनवर म्हणाला. "आणून सोडतो." त्यानं फोन ठेवला. यशोधरानं वेग कमी करत आरशात बघितलं.

"आता परत? बीड येईल तासाभरात. उद्या टेम्पोनं पाठवू ना."

"दुसऱ्याचं जनावर हाय. अन् वहीबी खाल्ली तिनं." शहादेवनं मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं, मग कांबीचं टोक त्याला टेकवून दुसरं दातांत धरलं. बराच वेळ ऐकल्यासारखं केलं.

"काय झालं?"

"मघाशी सेकंद मोजताना हे जरा मागं पडलतं असं वाटतंय," तो म्हणाला. "त्या तीन पूर्णांक नऊवर मी सही करणार न्हाई. रीडिंग परत घ्यावं लागंल."

यशोधरानं इंडिकेटर लावला. बांडीनं वहीचं शेवटचं पान गिळलं आणि गाडी कड्याकडे वळली.